गोसेवक जमनालाल बजाज

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानात सीकरजवळील एका खेड्यात झाला. बालपणीच ते वर्ध्याच्या श्रीमंत बजाज घराण्यात दत्तक आले. व्यापारात त्यांनी विपुल संपत्ती मिळविली. परंतु आपण या धनाचे मालक नसून विश्वस्त आहोत, अशी त्यांची धारणा होती. गांधीजींच्या हाकेस ओ देऊन १९२१ साली त्यांनी 'रायबहादूर' ही पदवी सोडली.

१९४१ साली ते तुरुंगातून सुटले, तेव्हा त्यांची प्रकृती ढासळली होती. तरीही गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी गोसेवेचे व्रत घेतले. त्याच वर्षी वर्ध्यास गोसेवा संघ स्थापन झाला. भाकड गाईंना पांजरपोळात चारा घालणे पुण्याचे खरे. पण तेवढ्याने गाय वाचत नाही. दूध आटले की गरीब शेतकऱ्यास ती जड होते आणि तो तिला विकतो. म्हणून सकस वैरण, चांगला वळू व निगा यांनी गोवंश सुधारावा, असे संघाचे धोरण होते. सभासदांनी गाईचेच दूधतूप वापरावे, मेलेल्या जनावराच्याच कातड्याच्या वहाणा घालाव्यात, असा नियम होता.

एवढा धनवान गृहस्थ. पण तो वर्ध्याजवळ गोपुरीतील झोपडीत राहू लागला. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी त्यांचे अकस्मात निधन झाले. पुढे पत्नी जानकीदेवी यांनी ते कार्य निष्ठेने चालविले. दयेला उद्योगाची जोड हवी, हेच जमनालालजींच्या गोसेवेचे सार होय.