अंकुराचा चित्रकार : दादासाहेब फाळके

आपल्या निपाणी भागातील शेतकरी तंबाखूच्या रोपाला जिवापाड जपतो. रोप वाढल्याचे त्याला उमगते. परंतु ते वाढत असताना मात्र कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. निसर्गाची ही संथ लीला पडद्यावर दाखविण्याचा ध्यास एका मराठी कलावंताने घेतला. ते म्हणजे धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला आणि छायाचित्रण आत्मसात केले. पुढे चित्रपटाचा अभ्यास करताना अतिश्रमाने त्यांची दृष्टी काही काळ गेली; तरीही निश्चय ढळला नाही. १९१२ साली लंडनला जाऊन त्यांनी कॅमेरा मिळविला. पण भांडवल कोण देणार?

दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला व तिच्यासमोर कॅमेरा रोखला. महिन्याहून अधिक काळ ठरावीक अंतराने ते एकेक चित्र टिपीत राहिले. ती चित्रे पडद्यावर सलग सरकताच माती दुभंगून अंकुर वर आला आणि बघता बघता त्याचा वेल झाला! ही करामत पाहून कर्ज देणारा भेटला. पत्नी सरस्वतीबाईंनी आपले दागिनेही दिले. त्यातूनच १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट अवतरला.

अंकुराचे ते चित्रण खरे की खोटे? कुंडी मुद्दाम मांडलेली, महिन्याचा काळ क्षणांत आटोपलेला. म्हणजे युक्ती होतीच. परंतु एकही पान बाहेरून चिकटविलेले नव्हते. वाढ वाटाण्याची स्वतःचीच होती. पुढे ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांनी कृत्रिम नाग आणि आपली कन्या मंदाकिनी हिला बाळकृष्ण करून आणले, पण ती पुराणकथा आहे, हे प्रेक्षक जाणून होता. दोष युक्तीत नसतो. बांधून ठेवलेल्या प्राण्याचे चित्र रानात सहज टिपले म्हणून खपविण्यात तो असतो.

१९३७ साली निपाणीजवळच्याच कोल्हापुरात त्यांनी ‘गंगावतरण’ हा बोलपट पुरा केला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांची प्राणज्योत मालवली.

विद्यार्थी मित्रहो, आज छायाचित्र काढणे अगदी सोपे झाले आहे. म्हणूनच निसर्गाचे चित्र टिपताना त्या कुंडीतील वाटाण्याचे स्मरण ठेवावे. मांडणी आपली असावी, वाढ मात्र त्याची असावी!