चाकांना आधार देणारे मॅकफर्सन

रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूरकडे जाणाऱ्या बहुतेक मोटारींच्या पुढच्या चाकांमागे ज्यांच्या नावाचा ‘स्ट्रट’ असतो, ते अर्ल मॅकफर्सन १८९१ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात जन्मले. १९१५ मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते डेट्रॉइटच्या मोटार उद्योगात शिरले.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जनरल मोटर्सने त्यांच्यावर ‘शेव्हरोले कॅडेट’ या स्वस्त, छोट्या मोटारीची जबाबदारी सोपविली. स्प्रिंग व शॉकॲब्सॉर्बर एकाच उभ्या नळीभोवती बसविणारी सुटसुटीत रचना त्यांनी तिच्यासाठी सिद्ध केली. मात्र १९४७ मध्ये कंपनीने हा प्रकल्पच गुंडाळला. मॅकफर्सन त्याच वर्षी फोर्डमध्ये दाखल झाले आणि १९५१ मध्ये विक्रीस आलेल्या ब्रिटिश ‘फोर्ड कॉन्सल’मधून त्यांची रचना रस्त्यावर धावू लागली. १९५२ मध्ये ते फोर्डचे उपाध्यक्ष झाले. १९६० मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे १९८३ मध्ये मारुती ८०० बरोबर हाच स्ट्रट भारतातील मध्यमवर्गाच्या दारी आला.

त्यांच्या रचनेत स्प्रिंगची खालची बैठक नळीला पक्की जोडलेली असे. आजच्या ‘कॉइलओव्हर’मध्ये ती आट्यांवर फिरते. कडे फिरवून मोटारीची उंची कमी-जास्त करता येते. परंतु हौसेखातर मोटार फार खाली आणल्यास खड्ड्यात चाकाला वर सरकण्यास पुरेशी जागा उरत नाही, चाकांचा कोन बिघडतो आणि टायर एका बाजूने झिजतात. म्हणून दोन्ही बाजूंची उंची मोजून व्हील अलाइनमेंट पुन्हा करून घेणे आवश्यक ठरते. सामान्यांच्या मोटारीसाठी झटलेल्या या अभियंत्याची रचना घाटातील प्रवाशांना आजही सावरून धरते; तिची मर्यादा सांभाळणे मात्र चालकाच्याच हाती आहे.