दगडावर लिहिणारा राजा

बालमित्रांनो, झेंडावंदनाला आपण राष्ट्रध्वजावरचे निळे चक्र पाहतो. त्याचे आरे कधी मोजलेत का? ते २४ आहेत. हे चक्र सारनाथच्या अशोकस्तंभावरून घेतले आहे. त्या अशोक राजाची ही माहिती.

अशोक हा चंद्रगुप्त मौर्याचा नातू आणि बिंदुसाराचा मुलगा. त्याची राजधानी पाटलीपुत्र, म्हणजे आजचे पाटणा. इ. स. पूर्व २६८ च्या सुमारास तो राजा झाला. राज्याभिषेकानंतर आठ वर्षांनी त्याने कलिंग देश, म्हणजे आजचा ओडिशाचा भाग, जिंकला. पण त्या लढाईत एक लाख माणसे मेली. दीड लाख माणसांना घरदार सोडून जावे लागले. जिंकूनसुद्धा राजाला आनंद झाला नाही. उलट पश्चात्ताप झाला. हे आपल्याला कसं कळलं? अहो, त्याने स्वतःच ते दगडावर कोरून ठेवले!

अशोक बुद्धाच्या मार्गाला लागला. आता त्याने सैन्य नव्हे, तर धर्म सांगणारी माणसे दूरदूर पाठवली. त्याचा मुलगा महेंद्र व मुलगी संघमित्रा श्रीलंकेला गेली, असे तिकडचे जुने ग्रंथ सांगतात. पुढे अनेक शतकांत हा धर्म ब्रह्मदेश, चीन, जपानपर्यंत पोचला. आपल्या पालघर जिल्ह्यातील सोपारा येथेही १८८२ साली अशोकाच्या लेखाचा तुकडा सापडला.

पण धर्म वाढला तशी मतेही वाढली. भिक्षूंमध्ये वाद होऊ लागले. अशोकाने सारनाथ व सांची येथील खांबांवर आज्ञा कोरवली. जो कोणी संघात फूट पाडील त्याला पांढरी वस्त्रे देऊन मठाबाहेर ठेवावे, अशी ती आज्ञा होती. मग फूट थांबली का? नाही. पुढे कितीतरी पंथ झाले. थेरवाद आणि महायान हे त्यातले मोठे. राजाच्या हुकमाने देश चालतो, पण सगळ्यांचे विचार एक होत नाहीत.

अशोकाने आणखी एक गोष्ट कोरून ठेवली. ती मात्र आजही उपयोगाची आहे. आपल्या पंथाची बढाई मारून दुसऱ्याची निंदा करणारा आपल्याच पंथाचे नुकसान करतो, असे त्याने बजावले. तो नुसता सांगून थांबला नाही, बरं का! स्वतः बौद्ध असून त्याने आजीविक पंथाच्या साधूंना बराबरच्या डोंगरात गुहा दिल्या.

इ. स. पूर्व २३२ च्या सुमारास अशोक वारला. पुढे त्याच्या लेखांची ब्राह्मी लिपी लोक विसरून गेले. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ती वाचली आणि दगड पुन्हा बोलू लागले.

मुलांनो, आपल्या वर्गातही कुणी देवळात जातो, कुणी विहारात, कुणी मशिदीत. वाटा निरनिराळ्या, पण शाळा एकच. कुणाच्या देवाला किंवा धर्माला नावे ठेवण्याआधी त्या दगडाची आठवण ठेवा.