डेसिबलमागचा माणूस

नवा हेडफोन घ्यायला निघालेली तरुण मंडळी हल्ली बरेच आकडे पाठ करून दुकानात जातात. किती ओहमचा, ड्रायव्हर किती मिलिमीटरचा, सोबत वेगळा ॲम्प्लिफायर लागेल का, गेमसाठी कोणता आणि गाण्यांसाठी कोणता. या सगळ्यांबरोबर खोक्यावर आणखी एक आकडा छापलेला असतो, डेसिबलचा. त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. माझ्यासारख्या डॉक्टरला मात्र तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. या शब्दातला ‘बेल’ म्हणजे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. टेलिफोनचा जनक म्हणून शाळेत आपण त्याचे नाव पाठ केले. पण त्याच्या आयुष्याचा धागा टेलिफोनपेक्षा कानाशी जास्त जुळलेला आहे.

बेलचा जन्म 3 मार्च 1847 रोजी स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहरात झाला. आजोबा आणि वडील दोघेही शुद्ध उच्चार शिकवणारे शिक्षक. आई एलायझा उत्तम चित्रकार आणि पियानोवादक, पण तिला ऐकू फार कमी येत असे. कानाला लावायच्या नळीचे दुसरे टोक पियानोच्या लाकडी फळीवर टेकवून ती स्वतःचे वादन ऐके. बाकीचे लोक त्या नळीत तोंड घालून ओरडत. लहानगा बेल मात्र आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या, स्पष्ट आवाजात बोलायचा, आणि ते तिला बऱ्यापैकी समजायचे. घरात गप्पा चालू असल्या की शेजारी बसून बोटांच्या खुणांनी त्या तिला सांगायचा. आवाज म्हणजे कंपन, आणि ते कानापर्यंत पोहोचवण्याचे मार्ग अनेक आहेत, हे त्याला पुस्तकाआधी आईजवळच कळले.

किशोरवयात त्याने मोठ्या भावाच्या मदतीने मानवी घसा, जीभ आणि ओठ यांची नक्कल करणारे बोलके यंत्र बनवले. पुढे हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाचे ध्वनीवरचे पुस्तक त्याच्या हाती पडले. जर्मन नीट येत नसल्याने त्याचा असा समज झाला की, हेल्महोल्ट्झने स्वर तारेतून पाठवून दाखवले आहेत. तसे काही झालेले नव्हते. पण त्या चुकीच्या वाचनाने त्याला एका अशक्य वाटणाऱ्या कामाची उमेद दिली.

याच काळात घरावर क्षयरोगाचे सावट पडले. 1867 मध्ये धाकटा भाऊ गेला, 1870 मध्ये मोठा. बेलची स्वतःची प्रकृतीही ढासळत होती. क्षयावर तेव्हा औषध नव्हते, हवापालट हाच उपाय. उरलेल्या मुलाला वाचवण्यासाठी आईवडिलांनी 1870 मध्ये देश सोडला आणि कुटुंब कॅनडात ब्रँटफर्ड येथे आले. तिथे बेल सुधारला. पुढच्याच वर्षी तो अमेरिकेत बॉस्टनला जाऊन कर्णबधिर मुलांना बोलायला शिकवू लागला.

या मुलांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, तर तो त्यांना डोळ्यांनी दाखवता येईल का, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. 1874 मध्ये क्लॅरेन्स ब्लेक या कानाच्या डॉक्टरने त्याला मृत माणसाचा कान मिळवून दिला, पडदा आणि मधल्या कानातल्या हाडांसकट. बेलने त्यातल्या हाडाला गवताची काडी जोडली आणि खाली काजळी धरलेली काच ठेवली. कानात बोलले की पडदा हले, हाडे हलत आणि काडी काचेवर नागमोडी रेघ काढी. त्या रेघांकडे पाहताना त्याला जे सुचले, त्यातून टेलिफोन निघाला. कागदासारखा पातळ पडदा त्याच्या मानाने इतकी जड हाडे हलवू शकतो, तर थोडा मोठा पडदा लोखंडाचा तुकडा हलवू शकेल. लोखंड चुंबकासमोर हलले की तारेत वीज त्याच लयीत कमीजास्त होईल. पलीकडे हीच क्रिया उलटी केली की आवाज परत मिळेल.

7 मार्च 1876 रोजी त्याला पेटंट मिळाले. तीन दिवसांनी त्याने बोललेले वाक्य शेजारच्या खोलीतल्या सहायकाला, थॉमस वॉटसनला, तारेतून स्पष्ट ऐकू आले. कानाला लावायचा विजेवर चालणारा हा आवाजाचा डबा म्हणजे आजच्या हेडफोनचा पूर्वज. आज बहुतेक हेडफोनमध्ये चुंबक, तारेचे वेटोळे आणि पडदा असतो. विजेने वेटोळे हलते, त्याबरोबर पडदा हलतो आणि समोरचा कानाचा पडदा त्याला साथ देतो.

1877 मध्ये बेलचे लग्न मेबल हबर्डशी झाले. ती आधी त्याची विद्यार्थिनी होती. पाचव्या वर्षी आलेल्या स्कार्लेट फीव्हरने तिचे ऐकणे पूर्ण गेले होते आणि ओठांच्या हालचालींवरून ती बोलणे ओळखत असे. लग्नात बेलने टेलिफोन कंपनीतले आपले दहा शेअर सोडून बाकी सगळे तिच्या नावावर केले. जगभर गेलेल्या त्या यंत्रातून तिला नवऱ्याचा आवाज मात्र कधीच ऐकता आला नाही.

टेलिफोनवरून सुरू झालेले कोर्टकज्जे अनेक वर्षे चालले, पण बेलचे मन दुसरीकडे होते. 1879 मध्ये त्याने टेलिफोनचेच भाग वापरून ऐकण्याची क्षमता मोजणारे उपकरण, ऑडिओमीटर, तयार केले. 1880 मध्ये फ्रान्सचे 50,000 फ्रँकचे व्होल्टा पारितोषिक मिळाले. त्या पैशांतून प्रयोगशाळा निघाली आणि तिथे मेणावर आवाज नोंदवण्याचे तंत्र सुधारले. 1886 मध्ये ॲलाबामातला एक बाप आपल्या सहा वर्षांच्या अंध-कर्णबधिर मुलीला घेऊन त्याच्याकडे आला. बेलने त्याला बॉस्टनच्या पर्किन्स संस्थेचा रस्ता दाखवला आणि तिथून ॲन सलिव्हन ही शिक्षिका त्या घरी आली. ती मुलगी म्हणजे हेलन केलर. तिने आपले आत्मचरित्र बेललाच अर्पण केले.

त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. कर्णबधिरांनी खुणांची भाषा सोडून तोंडानेच बोलावे, असा त्याचा हट्ट होता. कर्णबधिरांनी आपसांत लग्ने केली तर बहिरेपणाचा वंश वाढेल, अशी भीती त्याने 1883 मध्ये विद्वानांच्या सभेत मांडली. बहुतेक कर्णबधिर जोडप्यांना ऐकू येणारी मुले होतात, हे आज आपल्याला माहीत आहे. अशा विचारांमुळे अनेक शाळांतून खुणांची भाषा हद्दपार झाली आणि मुलांच्या पिढ्या स्वतःच्या भाषेला मुकल्या. त्या समाजात बेलचे नाव आजही कडवटपणे घेतले जाते. ज्याच्या आईशी बोटांनीच संवाद झाला, त्याला हे दिसू नये, याचे नवल वाटते.

2 ऑगस्ट 1922 रोजी, वयाच्या 75व्या वर्षी, मधुमेहातून उद्भवलेल्या गुंतागुंतीने तो कॅनडात वारला. त्याच वर्षी जानेवारीत, त्याच देशात, टोरांटोमध्ये एका मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले होते. औषध सापडले होते, पण ते सर्वांपर्यंत पोहोचायचे होते. अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतले टेलिफोन एक मिनिट बंद ठेवण्यात आले. पुढे 1920च्या दशकातच टेलिफोन अभियंत्यांनी आवाजाच्या तुलनेच्या एककाला त्याचे नाव दिले. ‘बेल’चा दहावा भाग म्हणजे डेसिबल.

या एककाची चाल साधी बेरीज नाही, इथेच बहुतेकांची फसगत होते. 3 डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, 10 वाढले की दहापट, 20 वाढले की शंभरपट. आता खोक्यावरचा आकडा वाचू. 100 डेसिबल प्रति मिलिवॅट, म्हणजे एका मिलिवॅटमध्ये हा हेडफोन 100 डेसिबलचा आवाज काढतो. आरामात गाणी ऐकायला 70 डेसिबल भरपूर झाले. त्यासाठी त्याला मिलिवॅटचा एक हजारावा भाग पुरतो. गाण्यातली जोरकस जागा 90वर गेली, तरी एक दशांश मिलिवॅट. मग शेकडो मिलिवॅटचा ॲम्प्लिफायर कशासाठी? 250 किंवा 300 ओहमच्या काही हेडफोनना जास्त व्होल्टेज लागते आणि काही प्लॅनर प्रकारचे हेडफोन जास्त वीज मागतात. तिथे तो उपयोगी. फोन किंवा कॉम्प्युटरवर आवाज निम्म्यावर असतानाच पुरेसे ऐकू येत असेल, तर त्याची गरज नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: मोठ्या माणसांना आठवड्याला 80 डेसिबल 40 तास चालतील. 90 असेल तर सुमारे 4 तास, 100 असेल तर जेमतेम 20 मिनिटे. लहान मुलांसाठी 40 तासांची मर्यादा 75 डेसिबलवरच येते. अंतर्कर्णातल्या शंखाकृती नळीत सुमारे 15 हजार केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. आधी 4000 हर्ट्झच्या आसपासचे ऐकणे जाते. त्यामुळे स, श, फ असे वर्ण निसटतात, गर्दीत बोलणे कळत नाही, आणि समोरचा पुटपुटतोय असे वाटते.

गेम खेळणाऱ्यांचा धोका वेगळा. शत्रूच्या पावलांचा हलका आवाज टिपण्यासाठी व्हॉल्यूम वाढवला जातो आणि मग त्याच पातळीवर गोळीबार कानावर आदळतो. बऱ्याच गेममध्ये हलके आणि मोठे आवाज जवळ आणणारी ‘नाइट मोड’सारखी सोय असते, ती वापरावी. आवाज कोणत्या बाजूने आला हे मेंदू दोन कानांतल्या अतिसूक्ष्म वेळेच्या आणि जोराच्या फरकावरून ओळखतो. त्यासाठी चांगला साधा स्टीरिओ हेडफोन पुरतो. घर रस्त्यालगत असेल तर मागून बंद असलेला किंवा बाहेरचा गोंगाट कमी करणारा हेडफोन घ्यावा, म्हणजे आवाज वाढवायचा मोह होत नाही. मागून उघडे हेडफोन संगीताला मोकळे वाटतात, पण ते शांत खोलीसाठी. 40,000 हर्ट्झपर्यंतच्या दाव्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत, तरुण कानही 20,000च्या वर ऐकत नाही.

हेडफोन काढल्यावर कानात गुंई आवाज येत राहिला किंवा कान भरल्यासारखे वाटले, तर तो आवाज कानाला जास्त झाला असे समजावे. हे दुसऱ्या दिवशीही टिकले तर कान-नाक-घसा विभागात जाऊन ऐकण्याची तपासणी करून घ्यावी. अचानक एका कानाने ऐकू येणे कमी झाले, तर एक दिवसही थांबू नये. तपासणीत वेगवेगळ्या पट्टीचे आवाज ऐकवून आलेख काढतात. काही दुखत नाही, अर्धा तासही लागत नाही. त्या आलेखावर कान किती ऐकतो ते डेसिबलमध्येच लिहिलेले असते. नवा हेडफोन घेण्याआधी घरातल्या मुलाची ही तपासणी एकदा झालेली असली, तर पुढे तुलना करायला तो कागद हाताशी राहतो.