भिल्लांचा औट्रम, गडकऱ्यांचा औट्रम

बेळगावच्या दोन अंगांना दोन किल्ले आहेत. धारवाडच्या वाटेवर कित्तूर आणि दुसऱ्या अंगाला, संकेश्वराहून गडहिंग्लजकडे वळले की पुढे सामानगड. राणी चन्नम्मांमुळे कित्तूरचे नाव सर्वांच्या तोंडी आहे. सामानगडाचे नाव कोल्हापूर, निपाणी, चिकोडीकडच्या जुन्या घराण्यांपलीकडे फारसे कोणी घेत नाही. या दोन्ही किल्ल्यांच्या वेढ्यांत, वीस वर्षांच्या अंतराने, एकच इंग्रज अधिकारी हजर होता. त्याचे नाव जेम्स औट्रम. पुढे लखनौच्या लढाईने हे नाव जगभर झाले. पण या माणसाचे खरे मोल आणि त्याची खरी मर्यादा या दोन्ही गोष्टी आपल्या मराठी मुलखातच दिसून आल्या. म्हणून त्याचे चरित्र आपण आपल्या बाजूने एकदा पाहिले पाहिजे.

औट्रमचा जन्म २९ जानेवारी १८०३ रोजी इंग्लंडातील डर्बीशायर परगण्यात झाला. वडील बेंजामिन औट्रम हे नामांकित स्थापत्यशास्त्रज्ञ होते. पण मुलगा दोन वर्षांचा असतानाच ते वारले आणि घराला ओढगस्त आली. आईने मुलांना स्कॉटलंडात नेऊन मोठ्या जिद्दीने वाढविले. पोराने ॲबर्डीनच्या विद्यालयात थोडे शिक्षण घेतले आणि १८१९ साली, सोळाव्या वर्षी, कंपनी सरकारचा कॅडेट म्हणून तो मुंबईच्या बंदरात उतरला. पेशवाई बुडून जेमतेम वर्ष झाले होते. नवीन मुलूख, नवीन राज्य आणि जागोजाग असंतोष, अशा वेळी त्याच्या नोकरीला प्रारंभ झाला.

१८२४ च्या ऑक्टोबरात कित्तूरला ठिणगी पडली. दत्तक नामंजूर झाल्यामुळे संस्थान खालसा होण्याची वेळ आली होती. धारवाडचा कलेक्टर थॅकरे किल्ल्यापुढे मारला गेला आणि कंपनीने चहूकडून फौज गोळा केली. एकवीस वर्षांचा औट्रम आपण होऊन त्या मोहिमेत सामील झाला. डिसेंबरच्या आरंभी किल्ला हाती आला, राणी कैदेत गेल्या, आणि या तरुणाला लढाईत नाव काढण्याची संधी काही मिळाली नाही. ती मिळाली पुढच्याच वर्षी, बेळगावपासून फार दूर उत्तरेला, खानदेशात.

खानदेशातील भिल्ल हे मुळात गावचे राखणदार. गावोगाव त्यांची जागल आणि त्याबद्दलचे हक्क होते. होळकर-शिंद्यांच्या धामधुमीत आणि १८०३ च्या दुष्काळात गावे ओस पडली, हक्क बुडाले आणि हे लोक सातपुड्यात व अजिंठ्याच्या डोंगरांत शिरले. पेशवाईच्या अखेरच्या काळात तहाच्या बोलण्याला म्हणून बोलावून त्यांच्या कत्तली झाल्या, त्यामुळे सरकारी शब्दावरचा त्यांचा विश्वास समूळ उडाला होता. कंपनीनेही प्रथम सात वर्षे पलटणी पाठवून पाहिल्या. पलटणी तापाने आजारी पडल्या आणि भिल्ल होते तिथेच राहिले. तेव्हा मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी १८२५ मध्ये दुसरा मार्ग धरला. मागचे गुन्हे माफ करावेत, कसायला जमीन व तगाई द्यावी, आणि ज्यांना नांगर नको त्यांची एक पलटण उभारून तिच्याकडेच मुलखाची राखण सोपवावी. या योजनेत वसाहतींचे एक काम ओव्हन्स नावाच्या अधिकाऱ्याकडे गेले. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. पलटणीचे काम आले बावीस वर्षांच्या औट्रमकडे.

हे काम कोणाला साधेल असे जाणत्यांना वाटत नव्हते. सैन्यात नाव लिहिणे म्हणजे सापळ्यात पाय घालणे, अशी भिल्लांची समजूत होती. औट्रम पहारा न घेता त्यांच्या वस्त्यांत जाऊन राहिला. त्यांच्या संगतीने त्याने पायी वाघाची शिकार केली. त्याने मारलेल्या वाघांची संख्या दहा वर्षांत दोनशेच्या घरात गेली. जखमी सोबत्याला मागे टाकून तो कधी आला नाही. पगार ठरल्या दिवशी हातात, आणि दिलेला शब्द अक्षरशः खरा, एवढ्या दोन गोष्टींवर त्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. आरंभी बोटांवर मोजण्याइतकी माणसे होती, दोन-तीन वर्षांत ती शेकड्यांत गेली. ही पलटण मालेगावच्या छावणीत गेली तेव्हा नियमित फौजेतील उच्चवर्णीय शिपायांनी या रानातल्या माणसांचे विडा देऊन स्वागत केले. त्या काळाचा विचार करता ही गोष्ट लहान नव्हे.

पुढे खजिन्याचा पहारा, कैद्यांची ने-आण आणि दरोडेखोरांचा माग ही कामे या पलटणीने उचलली. डोंगराची वाट डोंगरचा माणूसच जाणतो, हे उघडच आहे. १८३० मध्ये डांगच्या मोहिमेतही ती औट्रमबरोबर होती. आज ज्याला आपण खास दल किंवा राखीव पोलीस म्हणतो त्याचे हे एक पूर्वरूप होय. मात्र यशाचे मूळ कवायतीत नव्हते. ज्याचा राखणीचा हक्क गेला होता त्याला तो हक्क नव्या रूपाने परत मिळाला, यात ते होते. ताल मोडणाऱ्याला मैफिलीबाहेर घालविणे सोपे असते. त्यालाच ठेका धरायला बसविणे अवघड. औट्रमने अवघड तेच केले.

१८३५ मध्ये तो खानदेशातून गुजरातेत महीकांठ्याला गेला. त्यानंतर अफगाण युद्ध झाले. कलात पडल्यावर तो वेषांतर करून शत्रूच्या मुलखातून थेट समुद्रकिनाऱ्यावर पोहोचला. मग सिंध. तेथील अमिरांवर अन्याय होतो आहे असे त्याचे मत होते, आणि त्यावरून सेनापती नेपियर व त्याचे जन्माचे वैर झाले. १८४३ मध्ये सिंध खालसा झाला तेव्हा लुटीतील आपला वाटा त्याने स्वतःजवळ न ठेवता धर्मादाय कामांना देऊन टाकला.

असा हा मनुष्य १८४४ मध्ये पुन्हा बेळगावच्या परिसरात आला. या भागात काही वर्षे धग होतीच. निपाणीच्या सरलष्करांच्या निधनानंतर १८४१ मध्ये अरब शिबंदीने तेथील गढी बळकावली आणि कंपनीला फौज घालावी लागली होती. कोल्हापुरात महाराज अल्पवयीन होते आणि कारभार कंपनीने नेमलेल्या दाजी कृष्ण पंडितांच्या हाती होता. पंडित हिशेबाला चोख होते. गडांवर पिढ्यान् पिढ्या राहणारे गडकरी गडाची राखण करीत आणि गडाखालच्या इनाम जमिनींवर जगत. नव्या व्यवस्थेत या जमिनी मामलेदाराच्या देखरेखीखाली आल्या. कागदावर ही सुधारणा होती. गडकऱ्यांना ती घर आणि अब्रू या दोहोंवरची धाड वाटली. १८४४ च्या जुलैत सामानगडाने दरवाजे लावले, भुदरगडाने तेच केले.

बेळगावहून फौज गेली. प्रथम तिचे काही चालेना. पुढे तोफा आल्या आणि १३ ऑक्टोबरला सामानगड हल्ला करून घेण्यात आला. औट्रम त्या वेळी तेथे होता. पण आग विझली नाही. कोल्हापुरात दाजी पंडितांनाच कैद करण्यात आले. साताऱ्याचे रेसिडेंट कर्नल ओव्हन्स कोल्हापूरकडे येत असता बंडवाल्यांच्या हाती सापडले आणि पन्हाळ्यावर अडकून पडले. हेच ते खानदेशातले ओव्हन्स, भिल्लांना जमिनी देऊन वसविणारे! १ डिसेंबरला पन्हाळा पडला तेव्हा त्यांची सुटका झाली. बंडाचे लोण सावंतवाडीला पोहोचले होते. तेथील रानात औट्रमला स्वतंत्र तुकडी मिळाली. १८४५ च्या आरंभी मनोहर आणि मनसंतोष हे गड पडले, आणि बंडाचे पुढारी गोव्याच्या हद्दीत निसटले.

मोहिमेनंतर वंशपरंपरागत गडकरी ठेवण्याची पद्धतच बंद झाली आणि किल्ल्यांची तटबंदी पाडण्यात आली. या ठिकाणी थोडे थांबावे. खानदेशात ज्याने राखणदारांना त्यांचे काम परत दिले, तोच राखणदारांचे काम कायमचे जाणाऱ्या मोहिमेत पुढे होता. दोष एकट्या औट्रमचा नव्हे. १८२५ मध्ये त्याच्यामागे एल्फिन्स्टनसारखा, माणसे ओळखून धोरण आखणारा गव्हर्नर होता. १८४४ मध्ये त्याच्यामागे हिशेबाच्या वह्या होत्या. मात्र गडकऱ्यांशी वाघाच्या शिकारीसारखी सोबत करायला त्याला कोणी पाठविले नाही, आणि तोही आपण होऊन तसा गेला नाही, हे नोंदवलेच पाहिजे.

पुढचा त्याचा प्रवास थोडक्यात सांगतो. ओव्हन्सनंतर तो साताऱ्याचा रेसिडेंट झाला, १८४७ मध्ये बडोद्याला गेला. बडोदे दरबारातून मुंबईच्या सरकारी कचेरीपर्यंत लाचेची जी साखळी होती, तिच्यावर त्याने १८५१ मध्ये सविस्तर अहवाल लिहिला. आपला खटपट हा शब्द त्या प्रकरणामुळे विलायतेतील सरकारी कागदांत गेला. बक्षीस म्हणून मुंबई सरकारने त्याला बडोद्याहून काढले. विलायतेच्या संचालकांनी १८५४ मध्ये पुन्हा तेथे पाठवून त्याची भरपाई केली. १८५६ मध्ये अवध खालसा झाले ते तो लखनौचा रेसिडेंट असताना. १८५७ मध्ये इराणची मोहीम आटोपून तो परतला आणि लखनौच्या वेढ्याकडे निघाला. अधिकाराने वरिष्ठ असूनही, हॅवलॉकच्या श्रमाचे श्रेय हॅवलॉकलाच मिळावे म्हणून त्याने लखनौ गाठेपर्यंत सेनापतिपद सोडून त्याच्या हाताखाली काम केले. पुढे अवधच्या जमीनदारांच्या जमिनी सरसकट जप्त करण्याचा हुकूम निघाला तेव्हा, याने माणसे पुन्हा हत्यार उचलतील असे सांगून त्याने तो सौम्य करवून घेतला. जमीन गेलेला माणूस काय करतो हे त्याने सामानगडावर पाहिलेच होते.

१८६० मध्ये तो हिंदुस्थान सोडून गेला, ११ मार्च १८६३ रोजी फ्रान्समध्ये पो या गावी वारला, आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याला पुरण्यात आले. कलकत्त्यात त्याचा घोड्यावरचा भव्य पुतळा उभारला गेला.

आपल्याकडे त्याचा पुतळा नाही, आणि तो असण्याचे कारणही नाही. पण ज्यांच्या हाती मुलखाची राखण आहे त्यांनी त्याच्या आयुष्यातील ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून वाचावीत. बंडखोराच्या हाती राखणीची काठी दिली तर तो पोलीस होतो. राखणदाराच्या हातची काठी काढली तर तो बंडखोर होतो. खानदेशाने पहिली गोष्ट दाखविली, सामानगडाने दुसरी. औट्रमने दोन्ही पाहिल्या.