काळ्या लंगोटापासून केसाच्या मुळापर्यंत : आर्चिबाल्ड गॅरॉड

बाळाचे लंगोट काळे पडतात, या तक्रारीतून आनुवंशिक आजारांच्या नव्या शास्त्राला सुरुवात झाली. ते घडवणारे डॉ. आर्चिबाल्ड गॅरॉड यांचा जन्म १८५७ मध्ये लंडनमध्ये झाला.

‘अल्काप्टोन्युरिया’ या विकारात लघवी हवा लागताच काळी पडते. जंतूंमुळे असे होते, असा तेव्हाचा समज होता. गॅरॉड यांना मात्र अशा मुलांचे आईवडील अनेकदा एकमेकांचे चुलत, मावस किंवा आते-मामे भावंड असल्याचे दिसले. विल्यम बेटसन यांनी मेंडेलच्या नियमाशी त्याची सांगड घातली. दोष जन्मजात असून निरोगी आईवडिलांकडून येतो, असे गॅरॉड यांनी १९०२ मध्ये मांडले. पुढे १९०९ च्या पुस्तकात त्यांनी एन्झाइमच्या अभावाकडे बोट दाखवले.

पहिले महायुद्ध आणि इन्फ्लुएंझाच्या साथीत त्यांचे तिन्ही मुलगे गेले. १९२० मध्ये ते ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक झाले. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. एन्झाइमचा तो अभाव १९५८ मध्ये सिद्ध झाला.

निरोगी दिसणारी वाहक आई ओळखायची कशी? ‘लेश-नायहन’ या मुलग्यांना होणाऱ्या आजारात १९७० च्या दशकात केस उपयोगी पडले. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स गुणसूत्र काम करते आणि केसाचे मूळ मोजक्याच पेशींपासून वाढते. त्यामुळे वाहक स्त्रीच्या काही केसांच्या मुळांत एन्झाइम सापडते, काहींत नाही. आज हे काम बहुतांशी डीएनए चाचणी करते. तिचा पाया मात्र गॅरॉड यांच्या विचारातच आहे.