आल्फ्रेड नोबेल : घातक माल सुखरूप पोहोचवणारा माणूस



डिसेंबर आला की आपण वर्गात नोबेल पारितोषिकांची माहिती सांगतो. आल्फ्रेड नोबेल यांनी डायनामाइटचा शोध लावला, भरपूर पैसा मिळवला आणि तो पारितोषिकांसाठी ठेवला. बस्स, चरित्र संपलं! मला मात्र त्यांच्या आयुष्यातली १८६४ ते १८६७ ही वर्षं मुलांना सांगावीशी वाटतात.

नोबेल यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८३३ रोजी स्टॉकहोमला झाला. बालपण रशियात सेंट पीटर्सबर्गला गेलं. इटलीच्या सोब्रेरो यांनी १८४७ मध्ये नायट्रोग्लिसरीन हा तेलासारखा स्फोटक द्रव तयार केला होता. खाणी आणि बोगद्यांसाठी तो फार उपयोगी, पण धक्का लागला तरी फुटणारा. नोबेल यांनी त्याचं उत्पादन सुरू केलं. ३ सप्टेंबर १८६४ रोजी स्टॉकहोमच्या त्यांच्या कारखान्यात स्फोट झाला आणि धाकटा भाऊ एमिल त्यात गेला. शहरात हे काम करायला बंदी आली, तेव्हा त्यांनी ते तलावातल्या एका बोटीवर हलवलं.

पुढे कारखाने वाढले. पण माल कारखान्याच्या दाराबाहेर पडला की तो कोणाच्या हातात जातोय, त्या माणसाला आत काय आहे ते माहीत आहे का, हे बघणारं कोणी नव्हतं. एप्रिल १८६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका मालवाहतूक कचेरीत गळकी पेटी आली. आत काय आहे हे तिथल्या माणसांना ठाऊकच नव्हतं. ती उघडताना स्फोट होऊन सुमारे १५ माणसं गेली. (आपल्या घरी ॲसिड कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत भरून ठेवलेलं असतं ना, तसलाच हा प्रकार. बाटली बघा, वर चिठ्ठी नसते.) त्याच वर्षी अमेरिकेने कायदा केला. नायट्रोग्लिसरीन प्रवासी वाहनांतून न्यायचं नाही, पेटीवर नाव आणि धोका स्पष्ट लिहायचा.

नोबेल यांनी बंदीविरुद्ध नुसती कुरकुर केली नाही. त्यांनी मालच बदलला, हे मला सगळ्यात आवडतं. भुसा, कोळशाची पूड, विटेची भुकटी असं बरंच काही करून पाहिलं. शेवटी जमलं ते किझेलगुर. ही सूक्ष्म पाणवनस्पतींच्या कवचांची, न जळणारी, हलकी माती. हाम्बुर्गजवळच्या त्यांच्या क्रूमेल कारखान्याच्या आसपासच ती मिळत होती. तीन भाग द्रव एक भाग मातीने शोषला की घट्ट लगदा व्हायचा. कांड्या करा, कागदात गुंडाळा, गाडीत ठेवा. नुसत्या धक्क्याने फुटायची भीती खूपच कमी झाली. १८६७ मध्ये त्याचं पेटंट मिळालं आणि नाव पडलं डायनामाइट. दोष होतेच, ओलीत त्यातून तेल पाझरायचं. मग १८७५ मध्ये त्यांनी जेलीसारखं स्फोटक काढलं. १० डिसेंबर १८९६ रोजी इटलीतल्या सान रेमो इथे ते वारले.

वर्गात करून बघा. तीन वाट्यांत वाळू, लाकडाचा भुसा आणि खडूची पूड घ्या. प्रत्येकीत चमचाभर गोडं तेल घाला आणि वाटी तिरकी करा. कशातून तेल गळतं आणि कशातून नाही, हे मुलांनाच ठरवू द्या. आमच्या चौथीत यावर अर्धा तास भांडण चाललं होतं.